संचालक महोदयांनी आठवडाभर प्रयोगशाळेत पाऊल न ठेवणेबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय (डॉ. प्रज्योत निगुडकर),
किनारपट्टी गोवंश भ्रूण प्रयोगशाळा,
मौजे खारवंडी, ता. म्हसळा, जि. रायगड.

अर्जदार : श्रीमती नीराबाई भागोजी शिगवण, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. आंबेटकोंड, ता. म्हसळा.

विषय : आपण उद्यापासून आठवडाभर प्रयोगशाळेत पाऊल न ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने छापलेली लग्नपत्रिका.
२) मोरू या वळूचे वीर्य ‘निकृष्ट’ ठरवणारा आपला अहवाल.
३) मोरूची शेवटची कांडी नष्ट करण्याचा आपला आदेश.

महोदय,

विषय वाचून आपण चष्मा पुसला असेल. पुसू नये. विषय बरोबर लिहिला आहे आणि अर्जदार शुद्धीवर आहे. अर्जदाराची हयात तहसील कचेरीत अर्ज घेण्यात गेली, त्यामुळे साहेब लोक अर्जाचा विषय आणि शेवटची ओळ एवढेच वाचतात हे तिला पक्के माहीत आहे. तरी या खेपेस मधलाही मजकूर वाचण्याची कृपा व्हावी. आपल्याला सवय नाही, थोडा त्रास होईल.

१. मोरू कोण, हे आपल्या अहवालात ‘वळू क्र. ३’ एवढेच आहे, म्हणून लिहावे लागते. मोरू हा अर्जदाराच्या सासूबाईंच्या गाईंच्या वंशातला शेवटचा खोंड. तांबूस, बुटका, कोकण कपिला जातीचा. डोंगर चढून स्वतःचा चारा स्वतः शोधायचा, पावसात खोकला नाही की गोचिडीने आजारी पडला नाही. गावातले असले बाकीचे सगळे खोंड ‘गावठी, कमी दुधाचे’ म्हणून आपल्याच खात्याने एकेक करून खच्ची केले आणि मोठ्या परदेशी जनावरांच्या कांड्या दिल्या. त्या कांड्यांची वासरे आमच्या डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून वर बघतात. चढत नाहीत.

मोरू तेवढा वाचला, कारण खच्ची करणारे पथक आले त्या दिवशी अर्जदाराचे दीर अनंता यांनी त्याला वरच्या जंगलात नेऊन बांधला होता. आपल्या आधीचे डॉक्टर भले होते. त्यांनी मोरूचे वीर्य काढून, काड्यांसारख्या बारीक नळ्यांत भरून, द्रव नत्राच्या डब्यात गोठवून ठेवले. त्यांना आम्ही कांड्या म्हणतो, आपण रेतमात्रा म्हणता. पुढे दोन हजार वीसच्या वादळात गोठ्यावर फणसाचे झाड पडले आणि मोरू गेला. डबा वाचला. त्यात तीन कांड्या उरल्या होत्या. आता त्या का नाहीत, यासाठी हा अर्ज.

२. दुसऱ्या बाजूला कमळ. ही गाय दिवेआगरच्या एका वाडीतून आणलेली, त्याच जातीची. मोरूचे व तिचे रक्ताचे नाते नाही, हे आपण विचाराल म्हणून आधीच लिहिते. कमळ म्हातारी होती. बांधावरून घसरून मागचा पाय निकामी झाल्यापासून वासराचा भार तिला पेलणारा नव्हता. म्हणजे तिच्या पोटातून बीजे काढायची, मोरूच्या कांडीने ती काचेच्या बशीत फळवायची आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या तरण्या गाईच्या पोटात ठेवायचा, एवढाच मार्ग होता. त्यासाठीच आपली प्रयोगशाळा उभी राहिली असे कोनशिलेवर कोरले आहे. आपले नाव त्याखाली, मोठ्या अक्षरात.

३. हे काम कसे चालते हे आपल्या प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञ कु. कल्पिता यांनी अर्जदाराला नीट समजावून सांगितले. आपणही त्यांना कधीतरी विचारावे. गोठलेली कांडी बाहेर काढून अंगाइतक्या कोमट पाण्यात क्षणभर धरायची. मग ते वीर्य नळीत पोषक पाण्याच्या तळाशी अलगद सोडायचे. जे शुक्राणू जिवंत आणि दमदार असतात ते पोहत वर येतात, मेलेले तळाशी राहतात. वरचे तेवढे उचलायचे, यंत्रात फिरवून धुवायचे, भिंगाखाली बघायचे, त्यांना जाग आणणाऱ्या औषधाचा थेंब द्यायचा आणि मग बीजांपाशी सोडायचे. सगळे उबेत, सगळे पटापट. एकदा जागा झालेला शुक्राणू फार वेळ जगत नाही. तो साहेबांची वाट बघत बसू शकत नाही.

अर्जदार भातशेतीवाली. आम्ही पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला खाली बसतो. वरचा काढून कोंबड्यांना टाकतो. म्हणजे प्रयोगशाळेतला नियम भाताच्या बरोबर उलटा निघाला. आपल्या खात्यात मात्र बढत्या देताना भाताचाच नियम लावतात, हे आपली भेट झाल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले.

४. आता ते लग्न. गेल्या डिसेंबरात प्रयोगशाळेचा शुभारंभ करायचा म्हणून आपल्या डोक्यात काय शिरले देव जाणे. आपण पत्रिका छापल्या. ‘चि. मोरू आणि चि. सौ. कां. कमळ यांचा शरीरसंबंध’ वगैरे. महोदय, वर वादळात गेला होता! ‘चि.’ काय लावता? निदान ‘कै.’ तरी छापायचे. पत्रिका हातात पडली तेव्हा अनंताभावजी ती दोनदा उलटीसुलटी करून म्हणाले, ‘वयनी, ह्ये लगीन हाय का तेरावा?’

मांडव घातला. सनई लावली. कमळच्या शिंगांना मुंडावळ्या. अर्जदाराला वरमाई म्हणून चौरंगाशेजारी खुर्ची दिली आणि शाल-श्रीफळ हातात कोंबले. शास्त्रज्ञ बाईंना करवली केले. करवली! त्या बाई परराज्यात जाऊन हे शास्त्र शिकून आल्या, आणि आपण त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. वधूच्या प्रवेशाला सिनेमातल्यासारखा धूर पाहिजे म्हणून आपण कांड्यांच्या डब्यातले द्रव नत्र घमेल्यात ओतायला लावले. पांढरी वाफ झाली, पोरांनी टाळ्या पिटल्या. तळाशी थोडे उरले म्हणून कांड्या वाचल्या. त्या डब्यातला गारवा हाच मोरूच्या उरलेल्या कांड्यांचा जीव होता, हे आपल्याला ठाऊक नव्हते की ठाऊक असून ओतायला लावले, याचा अर्जदार अजून विचार करते आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी आपल्याबद्दलचे मत बदलत नाही.

५. भटजींनी मुहूर्त काढला होता. मुहूर्ताला ‘सावधान’ म्हटल्याबरोबर आपण खूण केली आणि शास्त्रज्ञ बाईंनी पहिली कांडी कोमट पाण्यात सोडली. मोरू जागा झाला. आणि प्रमुख पाहुणे कुठे? तर मांडवा बंदराच्या धक्क्यावर. त्यांची बोट उशिरा लागली, मग गाड्यांचा ताफा, मग वाटेत कोणाकडे तरी कोलंबीचे जेवण. आपण म्हणालात, पाहुण्यांच्या हस्ते झाल्याशिवाय काही करायचे नाही. शास्त्रज्ञ बाई दोनदा आपल्या कानाशी येऊन गेल्या. आपण हाताने त्यांना माशी वारावी तसे वारले. ती नळी चांदीच्या वाटीत, चौरंगावर, चित्रीकरणाच्या दिव्यांखाली भाजत राहिली. शेजारी हळद, कुंकू, अगरबत्तीचा धूर, आणि आपल्या अंगाला आपण लावता ते अत्तर.

पाहुणे आले तेव्हा शास्त्रज्ञ बाईंनी भिंगातून पाहिले. एकही हलत नव्हता. हे त्यांनी आपल्याला सांगितले. अर्जदार खुर्चीत शेजारीच होती, बहिरी नाही. आपले शब्द असे : ‘हलत नसले तरी चालतील हो, फोटोत कुठे कळतंय!’ मग पाहुण्यांनी मेलेले वीर्य बशीत सोडले आणि उत्साहाच्या भरात मूठभर अक्षताही बशीवर टाकल्या. कमळच्या पोटातून काढलेल्या बीजांवर कुंकवाचे तांदूळ! पाहुण्यांनी शास्त्र वाचले नसेल, पण आपण डॉक्टर ना? आपण टाळ्या वाजवत होता. पंगतीत जिलबी बरी होती, एवढे मान्य करते.

६. दुसरी कांडी जानेवारीत गेली. या खेपेस लग्न नव्हते. सगळे शास्त्राप्रमाणे झाले. शास्त्रज्ञ बाईंनी वीर्य धुतले, जिवंत तेवढे निवडले, बीजांपाशी सोडले, बशी उबेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी बीजे फळलेली दिसली. अर्जदाराने घरी जाऊन देवाला साखर ठेवली. त्याच संध्याकाळी आपण आलात. अंगणात कमळ बांधलेली, तिने शेण टाकलेले, आणि दुसऱ्या दिवशी आपली मुलाखत घ्यायला कोणी येणार होते. गोवंशाच्या प्रयोगशाळेत शेणाचा वास आला म्हणून आपण नाक मुरडलेत. आपण गाडीतून मोगऱ्याच्या वासाचा फवारा आणलात आणि आतल्या खोलीत, त्या कपाटाचे दार उघडून, फुसफुस करून सगळीकडे मारलात. बाईंनी दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावले होते की आत कसलाही वास चालत नाही, उघडा गर्भ वासानेही मरतो. आपण ती पाटी फवारा मारताना डाव्या हाताने बाजूला केली.

सगळे गर्भ जिथल्या तिथे थांबले. पुढे एकही वाढला नाही.

आणि मग आपला अहवाल आला : ‘सदर वळूचे वीर्य निकृष्ट दर्जाचे असल्याने प्रयोग असफल.’

अर्जदाराने कचेरीत असताना पुष्कळ खोटे कागद पाहिले आहेत. कोण कधी मेला, कोणाची जमीन कुठून कुठे सरकली, सगळे. पण मेलेल्या मुक्या जनावराच्या नावावर आपला मूर्खपणा खपवणारा कागद प्रथमच पाहिला. मोरू निकृष्ट? वादळाच्या आदल्या दिवशीपर्यंत तो डोंगरमाथ्यावर चढत होता. आपल्याला आपल्या कार्यालयाचा जिना चढताना धाप लागते. अहवाल वाचून अनंताभावजी उठले. मोरूच्या खुंट्यापाशी जाऊन उभे राहिले. अर्जदाराला राग येतो तसा त्यांना येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचा रागही या अर्जात लिहिला आहे.

७. अहवालापाठोपाठ संदर्भ क्र. ३ चा आदेश. उरलेली एक कांडी ‘निरुपयोगी’ म्हणून सोमवारी नष्ट करावी, आणि डब्यातली जागा परदेशी वाणाच्या नव्या कांड्यांसाठी मोकळी करावी. आदेशावर सही करून आपण पुण्यास गेलात. कशाला? तर त्या लग्नासाठी खात्याने आपल्याला ‘अभिनव लोकसहभाग’ म्हणून बक्षीस दिले ते घ्यायला. शाबास! मेलेल्या वराचे, मेलेल्या वीर्याने लग्न लावणाऱ्याला बक्षीस. पुढे तिथून सहकुटुंब महाबळेश्वर.

जाताना आपण प्रयोगशाळेचा कार्यभार लेखी शास्त्रज्ञ बाईंकडे दिलात. सोमवार उजाडायला चार दिवस होते. या बाईंविषयी अर्जदाराचे मत तोवर फारसे चांगले नव्हते. लग्नात पाहुण्यांसमोर त्यांनी मिठाची गुळणी धरली होती आणि नोकरीपुढे मान तुकवली होती, हे अर्जदाराने त्यांच्या तोंडावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘काकी, उद्या पहाटे कमळला घेऊन या. केसांत फूल नको, अंगाला पावडर नको, आणि माणसं मोजकी आणा.’ चार्ज त्यांच्याकडे, तेव्हा परवानगी त्यांची. जे झाले ते नियमात झाले, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे आपण नोटीस काढायला धावणार नाही.

८. शुक्रवारी आम्ही गेलो. अनंताभावजींनी कमळला टेम्पोतून आणले आणि बाहेर तिच्या मानेवरून हात फिरवत बसले. अर्जदाराच्या केसांत सुरंगीचा वळेसर होता, तो काढून तिने गाडीतच ठेवला. इतक्या वर्षांत फुलाशिवाय घराबाहेर पडायची ही पहिली वेळ. बाईंनी कमळची बीजे काढली. मग शेवटची कांडी डब्यातून निघाली. ना सनई, ना मुहूर्त, ना कोणाचे हस्ते. कोमट पाणी, पुसलेली कात्री, नळी. बाईंनी नळी उबेत तिरकी ठेवली.

नंतर त्यांनी वरचा थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली ठेवला आणि अर्जदाराला बघायला लावले. महोदय, ते हलत होते! नुसते हलत नव्हते, आधणाला उकळी फुटावी तसे उसळत होते. जो खोंड फणसाखाली गेला, ज्याला आपण निकृष्ट म्हणालात, तो त्या थेंबात डोंगर चढत होता. अर्जदाराने भिंगावरून तोंड फिरवले, कारण आत डोळ्यातले थेंबभर पाणीही पडता कामा नये, असे बाईंनी बजावले होते.

बीजे फळली. आज रविवार. त्यांतली चार छान वाढत आहेत, असे बाई सांगतात. आठवड्याच्या आत ती अनंताभावजींच्या तरण्या गाईच्या आणि शेजाऱ्यांच्या गाईंच्या पोटात ठेवायची. तोपर्यंत ती बशी, ते कपाट आणि ती खोली, यांना आपल्यापासून वाचवायचे आहे.

९. एक गोष्ट राहिली. ती लिहिल्याशिवाय आपल्याला या अर्जाचे वजन कळणार नाही, आणि लिहूनही कळेल याची खात्री नाही. कमळ काल गेली. बीजे काढायच्या सुईने नाही, वयाने. सकाळी चारा खाल्ला, दुपारी बसली ती उठली नाही. अर्जदार रडली, आणि हे सरकारी अर्जात लिहायला तिला लाज वाटत नाही. आता कांडी उरली नाही, मोरू उरला नाही, कमळ उरली नाही. सासूबाईंच्या गोठ्यातले जे काही या जगात शिल्लक आहे, ते त्या बशीत आहे. आपण उद्या सकाळी गाडीतून उतराल, नाक मुरडाल, आणि खिशातून काहीतरी काढून फुसफुस कराल. या एका भीतीने अर्जदाराला काल झोप लागली नाही.

तरी मेहेरबान साहेबांपाशी विनंती अशी की आपण आठवडाभर येऊ नये. फोन करू नये, ‘जरा बघून जातो’ म्हणू नये, कोणाला घेऊन येऊ नये, अत्तर लावू नये. महाबळेश्वरास हवा चांगली आहे, तिथेच राहावे. वासरू झाले की त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायला आपल्यालाच बोलावू. श्रेय सगळे आपले. ‘साहेबांच्या कल्पनेतून’ असे पाटीवर रंगवून देऊ. अर्जदाराला त्याचे काही वाटत नाही. आपल्याला आयुष्यात काहीच न करता यश मिळत आले आहे, तसे हेही मिळेल. या वेळी काहीच न करणे फक्त मनापासून करावे.

नियमानुसार ‘नम्र’ लिहायचे असते म्हणून,
आपली नम्र,
(सही)
नीराबाई भागोजी शिगवण

ठिकाण : आंबेटकोंड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सोबत जोडले आहे :
१) लग्नात मिळालेली शाल, न वापरलेली. नारळ अनंताभावजींनी कमळला पुरले तिथे वाढवला, त्यामुळे परत करता येत नाही.
२) मोगऱ्याच्या फवाऱ्याची बाटली. आपण खोलीत विसरला होता. रिकामी करून पाठवली आहे.
३) आपल्या नावाचा रजेचा अर्ज. अर्जदाराने स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात लिहून पूर्ण केला आहे. कारणाच्या रकान्यात ‘कुटुंबात बाळंतपण’ असे भरले आहे. सही तेवढी आपली करावी.